दुखतंय छातीत, मग क्लिप पायाला का?

दोन महिन्यांपूर्वी आईला घेऊन ईसीजी काढायला गेलो होतो. चार-पाच दिवस तिच्या छातीत डाव्या बाजूला चमक येत होती (नंतर ते स्नायूचं दुखणं निघालं, पण आधी कुणाला माहीत असतं). पलंगावर आडवी झाल्यावर टेक्निशियन मुलीने तिच्या दोन्ही मनगटांना आणि मग दोन्ही घोट्यांना त्या मोठ्या क्लिपा लावायला सुरुवात केली तशी आई उठूनच बसली. म्हणाली, "अगं बाळ, दुखतंय छातीत, पायाला काय लावतेस?" ती म्हणाली, "आजी, असंच असतं, हात सैल सोडा, हलू नका." मग आईचा दुसरा प्रश्न, "शॉक नाही ना बसायचा?" "नाही आजी, कळणारसुद्धा नाही."

कागद बाहेर आला, आम्ही घरी आलो, आणि रात्री आईने तोच प्रश्न मला विचारला, पायाला का लावलं. मी म्हटलं, करंट सगळ्या अंगात जातो म्हणून. कुठला करंट, कुठून निघतो, पायापर्यंत जातो म्हणजे पायात जाऊन काय करतो, असं ती एकेक विचारत गेली आणि माझ्या लक्षात आलं की मला यातलं काहीच येत नाही. शाळेत हृदयाचे चार कप्पे रंगवले होते, दोन निळे दोन लाल, त्याच्या पुढे गाडी गेलीच नव्हती. तेव्हापासून जमेल तसं वाचतोय, एका डॉक्टर मैत्रिणीला फोन करकरून त्रास दिलाय, आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे ठोक्याचा हुकूम मेंदूतून येत नाही. माझी आजवर हीच समजूत होती. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, जिथे वरच्या अंगाचं रक्त घेऊन येणारी मोठी शीर उघडते त्या तोंडापाशी, जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पट्टा आहे, त्याला एसए नोड म्हणतात. ठोका तिथे जन्मतो. आता प्रत्येक पेशीच्या आत-बाहेर थोडासा विजेचा फरक असतोच, हृदयाच्या साध्या स्नायूपेशीत तो साधारण उणे ९० मिलिव्होल्ट असतो आणि बाहेरून कुणी ढोसलं नाही तर ती पेशी तशीच गप्प बसून राहते. एसए नोडच्या पेशींना मात्र गप्प बसताच येत नाही. त्यांच्यात सोडियम हळूहळू आत झिरपत राहतं, व्होल्टेज उणे ६० वरून सरकत सरकत उणे ४० च्या आसपास आलं की ती पेशी पेटते, मग परत खाली जाते आणि परत झिरपायला सुरुवात. या झिरपण्याला शास्त्रज्ञांनी चक्क फनी करंट असं नाव दिलंय, कारण तो उलटा वागतो, बाकीचे मार्ग व्होल्टेज वर गेल्यावर उघडतात आणि हा खाली गेल्यावर उघडतो. १९७९ मध्ये ब्राऊन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल या तिघांनी तो दाखवून दिला. म्हणजे आईच्या पोटात असताना सुरू झालेलं आपलं सगळं ठोकणं हे त्या झिरपण्यावर चाललंय, दिवसाला साधारण १ लाख वेळा, हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता मनगटावर बोट ठेवून बसलो होतो.

मेंदूचं काम फक्त लगाम ओढायचं किंवा सैल सोडायचं. एसए नोडला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला १०० च्या आसपास चालतो, आपला ७० वगैरे असतो तो व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरत असते म्हणून. ज्यांचं हृदय बदललेलं असतं त्यांच्या नव्या हृदयाला सुरुवातीला त्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्यांचे ठोके बसल्या जागीसुद्धा ९० ते ११० असतात. मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मला एकदम पटलं, याहून सरळ पुरावा काय पाहिजे.

बरं, नोड पेटला, पुढे काय? इथे तारा नाहीत हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. आपल्या घरातल्या वायरमधून जशी वीज जाते तसं हे नसतंच. एक पेशी पेटली की तिच्यातले आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, शेजारच्या पेशीत जातात, दोन पेशींच्या मधल्या भिंतीत बारीक बारीक भोकं असतात त्यातून, त्यामुळे शेजारची पेशी पेटते, ती तिच्या शेजारणीला पेटवते, असं हातोहात पुढे जातं. आग लागल्यावर माणसं रांग करून बादल्या पुढे देतात ना, तसं. फरक इतकाच की इथे कुणी तीच बादली पुढे देत नाही, प्रत्येक पेशी आपली स्वतःची बादली ओतते, म्हणून शेवटच्या पेशीपर्यंत जोर तेवढाच राहतो. आणि एकदा पेटलेली पेशी पाव सेकंदाच्या आसपास परत पेटू शकत नाही, त्यामुळे लाट मागे फिरत नाही, पुढेच जाते.

वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, ही लाट सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने पसरते, उजवीकडून डावीकडे, आणि दशांश सेकंदात दोन्ही कप्पे व्यापून टाकते. ईसीजीच्या कागदावर सुरुवातीला जो छोटा उंचवटा दिसतो, पी वेव्ह, तो हाच.

मग लाट अडते. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्या मध्ये चिवट तंतूंचा एक पडदा आहे, झडपा त्याच्यातच बसवलेल्या असतात, आणि त्या पडद्यातून वीज जात नाही. नुसताच वीज न नेणारा पडदा आणि त्यात एकच दार. त्या दाराशी एव्ही नोड बसलाय. आणि तो काय करतो तर उशीर करतो! त्याच्यातून लाट सेकंदाला फक्त ५ सेंटिमीटर वेगाने सरकते, म्हणजे वरच्यापेक्षा वीसपट हळू, त्याचे तंतू बारीक, पेशींमधली भोकं कमी, आणि पेटायला सोडियमऐवजी सावकाश आत येणारं कॅल्शियम लागतं. एवढंसं अंतर पार करायला दशांश सेकंद जातो.

मला या सगळ्यात एव्ही नोड सगळ्यात जास्त आवडलाय, खरंच. कारण तो दशांश सेकंद नसता तर वरचे कप्पे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकदमच आवळले असते आणि वरचं रक्त खाली उतरायला वेळच मिळाला नसता. वरच्यांनी आवळून उरलेलं रक्त खाली ढकलायचं, खालचे भरायचे, मग खालच्यांनी आवळायचं, हा क्रम त्या थांबण्यामुळे टिकतो. शिवाय तो राखणही करतो. काही लोकांच्या वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला, तेव्हा वरून मिनिटाला ३५० ते ६०० सिग्नल येत असतात, ते सगळे खाली पोचले तर माणूस तिथल्या तिथे संपेल, पण एव्ही नोडला एवढं भरभर चालताच येत नाही म्हणून त्यातले बरेचसे तिथेच विझतात. कुणाकुणाला जन्मतः त्या पडद्यात आणखी एक चोरवाट असते, न थांबता खाली जाणारी. १९३० मध्ये वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी अशा ईसीजीचं वर्णन केलं, म्हणून त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात, आणि आता कॅथेटर, म्हणजे शिरेतून बारीक नळी, घालून ती चोरवाट जाळून बंद करता येते.

दारातून खाली उतरलं की मात्र एकदम हायवे. आधी हिज बंडल नावाची एक जुडी, तिला उजवी आणि डावी अशा दोन फांद्या, आणि त्या फांद्यांना फुटलेल्या पर्किंजे तंतूंच्या डहाळ्या खालच्या कप्प्यांच्या आतल्या बाजूने सगळीकडे पसरलेल्या. इथला वेग सेकंदाला २ ते ४ मीटर. एवढी घाई का, तर खालचे कप्पे, निलय, मोठे आणि जाड असतात, आणि नुसत्या स्नायूतून लाट पसरायची म्हटलं तर एक टोक आवळून झालं तरी दुसऱ्या टोकाला पत्ता नसेल असं व्हायचं. रक्त पिळून बाहेर काढायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी मूठ आवळली पाहिजे. पर्किंजे तंतू आतल्या अस्तराला सिग्नल पोचवतात आणि तिथून लाट स्नायूच्या जाडीतून आतून बाहेर जाते. कागदावरचं ते उंच टोकदार शिखर ते हेच, आणि निरोगी माणसात ते सगळं ०.१२ सेकंदाच्या आत आटपतं. एसए नोड पेटल्यापासून निलयाच्या शेवटच्या पेशीपर्यंत सगळा प्रवास धरला तर ०.२२ सेकंद.

यात एक गंमत मला वाचता वाचता सापडली. सिग्नल वरून खाली जातो, पण माणसांना तो सापडला खालून वर. १८३९ मध्ये पर्किंजे या चेक शास्त्रज्ञाला मेंढीच्या हृदयात ते तंतू दिसले, पण ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म हिज यांना ती जुडी सापडली. १९०६ मध्ये सुनाओ तावारा या जपानी तरुणाने, तो तेव्हा जर्मनीत मारबुर्गला आशोफ यांच्या लॅबमध्ये काम करत होता, एव्ही नोड शोधला आणि नोड, जुडी, फांद्या आणि पर्किंजेचे ते बेवारस तंतू हे सगळं एकच झाड आहे हे दाखवलं. आणि पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना एसए नोड मिळाला. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता आणि जमिनीत बिळं करणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयाचे काप मायक्रोस्कोपखाली बघत होता. ६८ वर्षं लागली शेवटापासून सुरुवातीपर्यंत पोचायला! मला तावाराचं जास्त कौतुक वाटतं, कारण सुट्या सुट्या सापडलेल्या गोष्टी एकाच वस्तूचे भाग आहेत हे ओळखणं ही फार वेगळी नजर आहे, आणि त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलेलं असतं?

आता आईचा पाय.

हृदयातली लाट हृदयाच्या बाहेर जात नाही. त्या पडद्यासारखंच, हृदय संपलं की पेटायला पुढची पेशी नाही, लाट तिथे विझते. पण लाट हृदयातून जात असताना हृदयाचा पेटलेला भाग आणि न पेटलेला भाग यांच्यात बाहेरच्या बाजूने विजेचा फरक पडतो, एक बाजू अधिक एक बाजू उणे, जणू छातीत एक छोटीशी बॅटरी क्षणाक्षणाला दिशा बदलत फिरतेय. आणि ही बॅटरी कशात ठेवलीय, तर मिठाच्या पाण्यात. आपलं रक्त, पेशींभोवतीचं पाणी, सगळं खारट, आणि खारं पाणी वीज नेतं. त्यामुळे त्या बॅटरीभोवती करंटचे अगदी क्षीण वेढे सगळ्या शरीरात पसरतात, बोटांच्या टोकांपर्यंत. पेशीत जो बदल शंभरेक मिलिव्होल्टचा असतो त्यातला कातडीवर येईपर्यंत साधारण १ मिलिव्होल्ट उरतो, कारण मध्ये फुप्फुसातली हवा, चरबी, हाडं हे सगळे वीज नीट न नेणारे लोक बसलेले असतात.

म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच समजत होतो. हृदयाच्या आत पेशीपेशीतून चालत जाणारी लाट, ती मंद, तिला वाट लागते, तिला थांबे आहेत. आणि तिच्यामुळे शरीरभर उमटणारी ही सावली, ती चालत वगैरे जात नाही, हृदयात बदल झाला की त्याच क्षणी घोट्यावरही बदललेली असते. गंमत म्हणजे त्याच ठोक्याची नाडी, म्हणजे रक्ताचा धक्का, घोट्यापर्यंत पोचायला सेकंदाचे एक-दोन दशांश घेते. सावली आधी पोचते, रक्त मागून.

ही सावली पायात जाऊन काय करते? काहीच नाही. पायाच्या स्नायूंना ती जाणवतसुद्धा नाही, इतकी क्षीण असते. पण बेडकाच्या पायाला जाणवते! १८५६ मध्ये कोलिकर आणि म्युलर या दोघांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट काढून ती नस धडधडणाऱ्या हृदयावर ठेवली, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो स्नायू फडफडला. हृदयातून वीज निघते हे असं दिसलं, जणू पायालाच मीटर केलं. पुढे १८८७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची वीज छाती न उघडता नोंदवली, त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता, त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते लोकांना प्रयोग दाखवायचे.

आणि मग आईनटहोवन. नेदरलँड्समधल्या लायडनचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जे यंत्र बांधलं त्याचं वजन २७० किलोच्या आसपास होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागायची. चुंबकाच्या मध्ये चांदीचा मुलामा दिलेला काचेसारखा एक अतिबारीक धागा ताणलेला, हृदयाची वीज त्यातून गेली की तो किंचित हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या पट्टीवर पडायची. पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले, तसा जुना फोटो आहे, कोट घातलेला माणूस खुर्चीत बसलाय आणि पाय बादलीत. यंत्र हलवता येत नव्हतं आणि पेशंट हॉस्पिटलमध्ये, मग १९०५ मध्ये त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या पेशंटचे ठोके लॅबमध्ये नोंदवले. कागदावरच्या चढउतारांची पी, क्यू, आर, एस, टी ही नावंही त्यांचीच, नोबेल मिळालं १९२४ मध्ये. आईच्या घोट्याला लावलेली क्लिप ही त्या बादलीची नात आहे.

तर पायच का? कारण हात आणि पाय हे विजेच्या दृष्टीने लांब वायरींसारखे वागतात. मनगटावर क्लिप लावा नाहीतर दंडावर, दिसतं जवळजवळ तेच, जे खांद्याशी दिसलं असतं. तसंच घोट्याची क्लिप म्हणजे जांघेतून वर हृदयाकडे बघणं. उजवा खांदा, डावा खांदा आणि खाली जांघ, असे तीन कोपरे, मध्ये हृदय, याला आईनटहोवनचा त्रिकोण म्हणतात. लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, आणि काळी उजव्या पायाला जी फक्त बाहेरचा विजेचा आवाज कमी करायला असते, तिचं चित्र निघत नाही. छातीवरचे सहा इलेक्ट्रोड हृदयाला समोरून आणि डावीकडून बघतात, हातांचे बाजूने, पण हृदयाचा खालचा भाग, जो पोटाच्या दिशेला टेकलेला असतो, तो बघायला खालून बघणारा डोळा पाहिजे, आणि तो डोळा म्हणजे डावा पाय. त्या भागाला रक्त कमी पडून अटॅक आला तर तो मुख्यतः पायाशी जोडलेल्या लीडमध्ये, म्हणजे कागदावरच्या त्या दिशेने काढलेल्या रेषांमध्ये, दिसतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे त्या पोरीने सांगितलं असतं तर मी कशाला उठून बसले असते." बरोबरच आहे तिचं.

हातावरची जी घड्याळं ईसीजी काढतात त्यांचंही यातून कळलं. घड्याळ एका मनगटावर आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यावर, म्हणजे त्रिकोणाची फक्त वरची बाजू. ठोक्यांची लय त्यात चांगली दिसते, पण खालून बघणारा डोळा नाही, समोरचे सहा नाहीत, त्यामुळे छातीत दुखतंय आणि घड्याळ नॉर्मल म्हणतंय म्हणून घरी बसू नका, कृपा करून. हॉस्पिटलचा एक ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर कधीकधी थांबवून परत काढतात, रक्त तपासतात, त्यालाही कारण आहे.

आणि शॉकचं, यंत्र अंगात काही सोडत नाही. ते फक्त ऐकतं. हलू नका का म्हणतात, तर हातापायाचे स्नायूही आपली वीज काढत असतात, थंडीने कुडकुडलं तरी कागदावर केसाळ रेष येते आणि हृदयाचं ते एक मिलिव्होल्ट त्यात हरवतं.

आता आईच्या कागदाबद्दल. तो कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, मोठा ०.२. पी सुरू झाल्यापासून शिखर सुरू होईपर्यंतचं अंतर, पीआर म्हणतात, ते ०.१२ ते ०.२० सेकंद असावं. आईचं ०.२२ होतं. वरच्या कोपऱ्यात यंत्राने छापलं होतं, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक. ब्लॉक हा शब्द वाचून माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं, मला वाटलं शीर बंद झाली. शीर नाही, आणि बंदही नाही, तिचा एव्ही नोड प्रत्येक सिग्नल खाली सोडतो, फक्त नेहमीपेक्षा थोडा जास्त थांबवून. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, आत्ता औषध नको, सहा महिन्यांनी परत काढू, मध्ये चक्कर किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच या.

अर्थात मी पुढचं वाचलंच. दार पूर्ण बंद झालं तर वरचे कप्पे आपल्या लयीत आणि खालचे आपल्या, खालच्यांनी स्वतःहून धरलेला ठेका मिनिटाला २०-४० एवढाच असू शकतो आणि माणूस धाडकन पडतो. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांचं असंच व्हायचं, ८ ऑक्टोबर १९५८ ला त्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, एल्मक्विस्ट यांनी बनवलेला आणि सेनिंग यांनी बसवलेला, आणि तो काही तासच चालला. मग दुसरा. असे आयुष्यभरात २६ पेसमेकर झाले, आणि लार्सन २००१ मध्ये गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्या रात्री हे वाचून मला नीट झोप लागली.

परवा मावशीचा फोन आला होता, रिपोर्टचं काय झालं विचारायला. आई तिला सांगत होती, "काही नाही गं, निरोप पोचतोय सगळा, माझ्या दारावरचा माणूस जरा सावकाश सोडतो इतकंच. आणि तुझा काढतील तेव्हा पायाला लावू दे हो, खालून बघायचं असतं त्यांना."